अस्थींचा हिरा: आमच्या आईच्या नावावर झालेली फसवणूक

अस्थींपासून खरा हिरा बनवून देतो, असं सांगून एका कंपनीने आमच्याकडून 2 लाख 22 हजार रुपये घेतले. हिरे आलेही. ते आईच्या अस्थींचे नव्हते, हे आता पुराव्यानिशी आमच्या हातात आहे. पैशांचं दुःख आहेच, पण त्याहून मोठं हे की आईच्या ज्या अस्थी आम्ही त्यांच्या हवाली केल्या त्या कुठे आहेत, हे कुणीही सांगायला तयार नाही. आमच्यासारखी आणखी घरं यात अडकू नयेत म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

आई गेली जूनमध्ये. दादा कॅनडात. व्हिसाच्या अडचणीमुळे त्याला अंत्यदर्शनालाही येता आलं नाही. वैकुंठ स्मशानभूमीत लाकडांवर अंत्यसंस्कार झाले, तिसऱ्या दिवशी राख सावडली, बहुतेक अस्थींचं आळंदीला विसर्जन केलं. दादासाठी म्हणून थोड्या अस्थी एका तांब्याच्या गडूत ठेवल्या होत्या. त्याला आईचं काहीतरी जवळ हवं होतं. बाबांनीही हरकत घेतली नाही. त्याच सुमारास वहिनीच्या फोनवर ती जाहिरात आली, चक्क मराठीत.

असा हिरा होऊच शकत नाही, असं मात्र नाही. प्रयोगशाळेत हिरा बनवण्याची किमया अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या शास्त्रज्ञांनी 1954 मध्येच साधली होती. हवेच्या नेहमीच्या दाबाच्या पन्नास-साठ हजार पट दाब आणि 1300 अंशांच्या वरचं तापमान दिलं की ग्राफाइटचा, म्हणजे पेन्सिलीच्या शिशात असतो त्या कार्बनचा, हिरा होतो. या पद्धतीला एचपीएचटी म्हणतात. अमेरिकेतल्या लाइफजेम आणि स्वित्झर्लंडमधल्या अल्गोर्दांझा या कंपन्या 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच अस्थींच्या किंवा केसांच्या कार्बनपासून हिरे करून देऊ लागल्या. आमच्या प्रकरणाशी या दोघींचा काडीचा संबंध नाही. सांगायचं एवढंच की मुळात खरं तंत्रज्ञान असल्यामुळेच खोटं बोलणाऱ्याचं फावतं. आम्ही वाचलं, शोधलं, सगळं खरं निघालं, आणि त्या खऱ्याच्या आड ही मंडळी उभी होती.

आमच्याशी बोलणाऱ्या बाई स्वतःला ‘स्मृती सल्लागार’ म्हणवत. अतिशय मृदू बोलत. आईचं नाव विचारलं, तिला काय आवडायचं ते विचारलं, आणि पुढच्या प्रत्येक फोनवर ‘तुमच्या आईंना मोगरा आवडायचा ना ताई’ असं म्हणून सुरुवात करायच्या. अर्ध्या कॅरेटचा एक हिरा 90 हजारांना. मग म्हणाल्या, दादांना एक आणि तुम्हाला एक, एकाच अस्थींतून जुळे हिरे करू, बहीण-भाऊ कायम जोडलेले राहतील. रंगाचं विचारलं तर म्हणाल्या, माणसाचा स्वभाव जसा तसा रंग येतो, सात्त्विक माणसाचा हिरा स्वच्छ पांढरा निघतो. हे धादांत खोटं आहे. हिऱ्याला पिवळी झाक येते ती नायट्रोजनमुळे आणि निळी येते ती बोरॉनमुळे. स्वभावाचा त्यात काही भाग नसतो.

सोबत ‘डीएनए प्रमाणपत्र’ मिळेल असंही सांगितलं होतं. चितेच्या किंवा दाहिनीच्या आठशे-हजार अंशांच्या उष्णतेत डीएनए टिकत नाही, आणि हिरा म्हणजे निव्वळ कार्बन, त्यात डीएनए असायचा प्रश्नच नाही. हा शब्द कुणी उच्चारला की तिथेच फोन ठेवा.

कुरिअरने अस्थी पाठवल्या, निम्मे पैसे भरले. काही दिवसांनी बाईंचा फोन आला की अस्थींत कार्बन कमी निघाला, शुद्धीकरणासाठी 42 हजार जादा लागतील. दादाने विचारलं, नाही भरले तर? त्यावर आलेलं उत्तर मी शब्दशः देते: ‘मग आईंच्या अस्थी अर्ध्या प्रक्रियेत अडकून पडतील, आम्हाला काही करता येणार नाही.’ हे ऐकून बाबा रात्रभर झोपले नाहीत. सकाळी उठून म्हणाले, भरून टाका. ज्या घरात सुतक नुकतंच फिटलंय, त्या घराला असं वेठीला धरणाऱ्या माणसांबद्दल मला आजही शांतपणे लिहिता येत नाही.

वाढीव रकमेसकट सगळे पैसे पोचले आणि त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत दोन्ही हिरे घरी आले. मखमली डबी, आईच्या नावाचं सोनेरी प्रमाणपत्र, तिचा फोटो. खऱ्या प्रक्रियेत अस्थींतला कार्बन वेगळा काढायचा, त्याचं ग्राफाइट करायचं, मग यंत्रात हिरा वाढवायचा, मग पैलू पाडायचे. या सगळ्याला काही महिने लागतात.

अंगठी करायला दोन्ही खडे आमच्या नेहमीच्या सराफकाकांकडे नेले. त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली धरून बराच वेळ पाहिलं आणि मला म्हणाले, ‘ताई, तुम्हीच बघा.’ हिऱ्याच्या कडेची जी बारीक पट्टी असते, गर्डल, तिच्यावर लेसरने कोरलेला नंबर होता. हा नंबर हिऱ्याची तपासणी करणारी प्रयोगशाळा कोरते. दुसऱ्या खड्याच्या पट्टीवर त्याच जागी घासून पुसल्याचा दुधी डाग होता. पहिल्यावरचा पुसायचा राहून गेला असावा. काकांनी तो नंबर प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर टाकला आणि रिपोर्ट उघडला. वजन, मापं, प्रत सगळं तंतोतंत जुळलं. पद्धत: सीव्हीडी. तारीख: आई जाण्याच्या आदल्या नोव्हेंबरातली. त्या नोव्हेंबरात आई आमच्यासोबत बसून दिवाळीचा फराळ खात होती.

सीव्हीडीबद्दल दोन शब्द, कारण बाईंनी आम्हाला एचपीएचटीच सांगितलं होतं. सीव्हीडीत मिथेन आणि हायड्रोजन वायू घेऊन हिऱ्याच्या पातळ चकतीवर थरावर थर चढवतात. सुरतेत अशा हिऱ्यांचा फार मोठा उद्योग आहे आणि त्यात गैर काहीच नाही, तो हिराच असतो. 2023 मध्ये पंतप्रधानांनी जिल बायडन यांना भेट दिलेला 7.5 कॅरेटचा हिराही प्रयोगशाळेतच घडलेला होता. पण बाजारात तयार मिळणारा अर्ध्या कॅरेटचा असा खडा, काकांच्या अंदाजाने, फार तर दहा-बारा हजारांचा. त्यावर आईचं नाव लावून आम्हाला तो 90 हजारांना विकला.

काकांनी आणखी एक गोष्ट विचारली जी कंपनीने कधीच विचारली नव्हती: दहन विजेवर केलं की लाकडांवर? दहनात शरीरातला जवळजवळ सगळा कार्बन वायू होऊन उडून जातो. मागे हाडांतलं कॅल्शियम फॉस्फेट राहतं आणि कार्बन अगदी थोडा. लाकडांच्या चितेवरून सावडलेल्या राखेत लाकडाचा कोळसा मिसळलेला असतो, म्हणजे त्यातून निघणारा कार्बन बहुतांश लाकडाचा. प्रामाणिकपणे हे काम करणारा माणूस हा प्रश्न सगळ्यात आधी विचारेल. आपल्याकडे बहुसंख्य घरांत अजून लाकडांवरच दहन होतं, त्यामुळे या एका प्रश्नावरून समोरच्याची पारख होऊ शकते.

आणि मुख्य गोष्ट. हिरा खरा आहे का, प्रयोगशाळेतला आहे का, हे कुठलीही चांगली प्रयोगशाळा सांगते. तो कुणाच्या अस्थींचा आहे, हे जगातली कुठलीच प्रयोगशाळा सांगू शकत नाही. रेडिओकार्बन चाचणीने कार्बन सजीवातला की खनिज वायूतला एवढं कळू शकतं, तेही खड्याचा थोडा भाग जाळून, आणि त्यातही माणूस कोण हे कळत नाहीच. म्हणजे अस्थी तुमच्या हातून सुटल्यापासून हिरा परत येईपर्यंत प्रत्येक टप्प्याची नोंद हाच काय तो पुरावा. यंत्र कुठे आहे, स्वतः येऊन बघता येईल का, अस्थी पोचल्यावर तुमच्यासमोर व्हिडिओ कॉलवर वजन करतील का, कार्बन किती निघाला याचा अहवाल देतील का, उरलेल्या अस्थी कधी परत करणार, हे करारात लिहून घ्या. आम्ही यंत्राचं विचारलं तेव्हा ‘गोपनीय तंत्रज्ञान आहे’ असं सांगून एक व्हिडिओ पाठवला होता. तोच व्हिडिओ दादाला नंतर एका परदेशी यंत्रविक्रेत्याच्या पानावर सापडला.

ज्यांचे पैसे नुकतेच गेलेत त्यांनी लगेच 1930 वर सायबर तक्रार करावी. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. ग्राहक म्हणून 1915 वर तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत दावा लावता येतो, तोही तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. आम्ही पोलिसांत फसवणुकीचा, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली अर्ज दिलाय आणि आयोगातही गेलोय. कुरिअरची पावती, त्यावरचं वजन, व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश, फोनचं रेकॉर्डिंग, रिपोर्टची प्रत, सराफकाकांचं लेखी मत, सगळं जोडलंय.

तक्रार झाल्यावर कंपनीचा सूर बदलला. आधी म्हणाले, खडे पॅकिंगमध्ये अदलाबदल झाले असतील, परत पाठवा, तपासून देतो. कुणालाही असं सांगितलं तर खडा चुकूनही पाठवू नका. तोच पुरावा असतो आणि त्यावरचा नंबर घासायला पाच मिनिटंही लागत नाहीत. आता त्यांचा प्रस्ताव असा आहे की निम्मे पैसे घ्या, तक्रार मागे घेतल्याचं लिहून द्या आणि दोन्ही खडे परत करा. अस्थींबद्दल त्या पत्रात एक अक्षर नाही. बाबांनी स्वतःच्या हाताने उत्तर लिहिलं: आधी तिच्या अस्थी कुठे आहेत ते सांगा, पैशांचं त्यानंतर बोलू.