माणदेशातील भीमथडी घोड्यांचे नोंदणी शिबिर आणि ते चालवणारे स्वयंसेवक

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात, दहिवडीजवळच्या एका गावात भीमथडी घोडे पाळणाऱ्यांच्या संघटनेने भरवलेल्या नोंदणी शिबिरात मी माझी घोडी आणि तिचे दोन वर्षांचे शिंगरू घेऊन गेलो होतो. घोडीची नोंद झाली आणि शिंगराची नाकारली गेली. या संघटनेच्या कामाविषयी मी आज जे चांगले लिहिणार आहे, त्याचे मुख्य कारण तो नकार आहे.

आधी या नोंदणीची गरज काय, ते सांगितले पाहिजे. भीमा नदीच्या थडीवरचा तो भीमथडी. अरबी आणि तुर्की घोड्यांचा इथल्या डोंगरी तट्टांशी संकर होऊन ही जात घडली आणि मराठ्यांच्या फौजांनी ती नावारूपाला आणली. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने आता तिला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली असून मारवाडी, काठियावाडी, मणिपुरी, स्पिती, झांस्कारी, भूतिया आणि कच्छी-सिंधी यांच्या पंक्तीला ती आठवी बसली आहे. परंतु जातीला मान्यता मिळाली म्हणून माझ्या दावणीच्या घोडीला दाखला मिळत नाही. कोणती घोडी कोणाची, तिचा बाप कोण, तिला शिंगरे किती झाली, ही वंशावळ कोणीतरी बसून लिहावी लागते आणि आमच्या भागात ते काम या संघटनेची पाच-सहा माणसे बिनपगारी करतात. २०१९ च्या पशुगणनेत देशातील घोडे आणि तट्टांची संख्या ३.४ लाखांवर आली, म्हणजे २०१२ च्या तुलनेत ती ४५ टक्क्यांहून अधिक घटली होती. हे पाहिले म्हणजे त्यांची घाई समजते.

शिबिराची वेळ त्यांनी फार विचारपूर्वक निवडलेली आहे. भीमथडी घोडी आजही प्रामुख्याने धनगरांच्या वाड्यावर, म्हणजे मेंढ्यांसह फिरणाऱ्या कुटुंबांच्या तळावर आहे, आणि माण, खटाव, फलटण, आटपाडी या भागांतले अनेक वाडे दिवाळीनंतर कोकणाची वाट धरतात ते पावसाळ्याच्या तोंडावर परततात. त्यामुळे सोयीची तारीख म्हणून जानेवारीत शिबिर घेतले असते तर हौशी लोकांचे सजवलेले घोडे तेवढे आले असते आणि रोज बिऱ्हाड वाहणारी खरी घोडी कोकणातच राहिली असती. संघटना एक शिबिर दसऱ्याच्या सुमारास आणि दुसरे ज्येष्ठात घेते. त्याच्याही आधी कार्यकर्ते मोटारसायकलवर वाड्यावाड्यांना जाऊन निरोप देऊन येतात.

आता प्रत्यक्ष काम कसे चालते ते लिहितो. देवळासमोरच्या फरशीवर घोडी उभी केली. माती चढउताराची असली की उंचीत इंच-दीड इंचाचा फरक पडतो, म्हणून फरशी, असे त्यांनी सांगितले. मोजण्याच्या काठीला आडवी पट्टी होती आणि त्या पट्टीवर गवंड्याची पाणसळ बसवलेली होती. आयाळ जिथे संपते तिथल्या उंचवट्यावर पट्टी टेकवून पाणसळीतला बुडबुडा मध्यावर येईपर्यंत ते थांबले. घोडीने एक पाय सैल सोडला तेव्हा मोजणी पुन्हा पहिल्यापासून केली. उंची ५२ इंच भरली. मी घरी मोजली होती ती ५४ होती आणि तीच मी चार लोकांत सांगत आलो होतो. त्यांनी मात्र ५२ लिहिली. नंतर दात पाहून वय ठरवले, कपाळावरचा व मानेवरचा केसांचा भोवरा कागदावरच्या घोड्याच्या आकृतीत काढला, पशुवैद्यकांनी मानेच्या डाव्या बाजूला मायक्रोचिप बसवली आणि आयाळीचे पंचवीस-तीस केस मुळासकट उपटून कागदी पाकिटात घातले. वंशाची तपासणी केसाच्या मुळातूनच होत असल्याने कात्रीने कापलेला केस उपयोगाचा नसतो.

माझ्या पुढे एक धनगर मावशी आपली कुमेत (तांबूस रंगाची) घोडी घेऊन उभ्या होत्या. घोडी परक्या पुरुषांना जवळ येऊ देईना. वाड्यावर घोड्यावर बिऱ्हाड लादणे आणि उतरवणे हे बायकांचेच काम असते, त्यामुळे ती त्यांच्याच हाताला सरावलेली. संघटनेचे अध्यक्ष हे निवृत्त पशुधन पर्यवेक्षक आहेत, त्यांनी काठी खाली ठेवली आणि म्हणाले, "मावशी, तुम्हीच पट्टी धरा, मी लांबून वाचतो." मावशींनी पट्टी धरली आणि घोडी जागची हलली नाही. नोंदवहीत मालकाच्या रकान्यात लिहिताना टेबलावरच्या मुलीने मावशींचेच नाव विचारून लिहिले. त्यांचे यजमान शेजारी उभे होते, तेही काही बोलले नाहीत.

माझ्या शिंगराची गोष्ट वेगळी. शिबिराच्या तीन वर्षे आधी मी घोडी एका मारवाडी घोड्याकडून भरवून घेतली होती, कारण बाजारात उंच जनावराला भाव येतो आणि तसा सल्ला मला सगळ्यांनीच दिला होता. शिंगरू देखणे झाले आहे. कानांची टोके मारवाडी घोड्यासारखी आत वळलेली आहेत, आणि ती पाहताच अध्यक्षांनी मला बाजूला नेऊन विचारले. मी खरे ते सांगितले. त्यांनी चारचौघांत माझा पाणउतारा केला नाही, पण आढेवेढेही घेतले नाहीत. "गुरुजी, शिंगरू चांगलं आहे, सांभाळा. पण भीमथडीच्या वहीत त्याला घेता येणार नाही. आज तुमचं घेतलं तर उद्या वहीला किंमत राहणार नाही," असे ते म्हणाले. मला वाईट वाटले हे खरे आहे. त्या दिवशी वर्गणी देऊन, ओळख सांगून नोंद करून मागणारे आणखीही दोन जण होते आणि त्यांनाही हेच उत्तर मिळाले. त्यांतला एक तर शिबिराच्या जेवणाचा खर्च उचलणारा होता.

उणिवाही आहेत आणि त्या सांगणे मला आवश्यक वाटते. सकाळी आठची वेळ दिली होती, पण माझा क्रमांक दोन वाजता लागला, आणि रांगेतल्या जनावरांना ना सावली होती ना पाण्याचा हौद. माणसांसाठी मंडप घातला होता, तो घोड्यांसाठी आधी हवा होता. दाखला हातात यायला चार महिने लागले, त्यात दोन वेळा फोन करावा लागला. सगळ्यांत काळजीची गोष्ट म्हणजे मूळ नोंदवही एकच आहे आणि ती एकाच कार्यकर्त्याच्या घरी असते. तिची दुसरी प्रत निघालीच पाहिजे, हे मी अध्यक्षांना पत्राने कळवले आहे. शुल्क एका जनावराला ३०० रुपये आहे, ते माझ्यासारख्यांसाठी वाढवावे आणि वाड्यावरच्या घोड्यांना माफ करावे, असेही त्यात लिहिले आहे.

जाणाऱ्यांनी जनावराला धनुर्वाताची लस आधी टोचून घ्यावी, ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या रक्ततपासणीचा कागद असल्यास बरोबर न्यावा, आणि वंशाविषयी माहीत असेल तेवढेच सांगावे.

दाखल्याबरोबर त्यांनी नोंद झालेल्या वळू घोड्यांची यादी पाठवली होती. तीत कोणता घोडा कोणत्या गावात आहे आणि माझ्या घोडीशी कोणाचे जवळचे नाते लागते म्हणून तो टाळावा, हे पेनाने खुणा करून दिलेले होते. त्याप्रमाणे फाल्गुनात मी घोडी आटपाडीकडच्या एका घोड्याकडून भरवून आणली. आता तिला सात महिने झाले आहेत. अकरा महिने भरून शिंगरू झाले की त्याचे केस पाठवण्यासाठी त्यांनी दिलेले रिकामे पाकीट दाखल्याच्या पिशवीत ठेवले आहे. त्यावर आईचा क्रमांक त्यांनीच लिहून दिलेला आहे.