जुन्या सिटीचे मागचे चार प्लग: घरी, नाक्यावर की सर्व्हिस सेंटरला?

2003 ते 2008 मधली आय-डीएसआय इंजिनाची होंडा सिटी अजून सांभाळून ठेवलेल्यांसाठी हे लिहितोय. सिटीचंच दुसरं इंजिन, व्हीटेक, असलेल्यांना यातलं काही लागू नाही, त्यांच्या गाडीला चारच स्पार्क प्लग, म्हणजे पेट्रोल पेटवायला ठिणगी टाकणारे.

आय-डीएसआयला सिलिंडर चार आणि प्लग आठ. चार पुढे, बॉनेट उघडलं की समोरच. प्लगवर बसलेल्या, त्याला वीज देणाऱ्या कॉइलचा बोल्ट काढा, कॉइल उपसा, प्लग हातात. उरलेले चार इंजिनाच्या पाठीमागे, वायपरखालच्या प्लास्टिकच्या काउलच्या पोटात. तिथे हात कसाबसा जातो, नजर जातच नाही. म्हणून पुष्कळ गाड्यांत पुढचेच बदलले जातात. आणि ते खपूनही जातं, कारण एका सिलिंडरला दोन प्लग असल्यामुळे मागचा मरगळला तरी पुढचा ठिणगी टाकत राहतो. गाडी मिसिंग करत नाही, झटके देत नाही. पिकअप जरा बसतो, अ‍ॅव्हरेज थोडं खाली येतं आणि आपण पंपावरच्या पेट्रोलला शिव्या घालतो. माझ्या फायलीत ‘प्लग बदलले’ असं लिहिलेली तीन बिलं होती. काउल काढून मागचे चार बाहेर घेतले, तर मधली टोकं झिजून गोल झालेली आणि गॅप, म्हणजे ठिणगी पडते ते टोकांमधलं अंतर, नव्या प्लगच्या जवळजवळ दीडपट.

तर आता कुठे करायचं?

नाक्यावरचं गॅरेज सगळ्यात स्वस्त आणि तासाभरात मोकळं करणारं. पण तिथला मिस्त्री बहुधा काउलला हात लावत नाही. वाकणारा जॉइंट, लांब एक्स्टेंशन आणि वर्षानुवर्षांचा अंदाज, एवढ्यावर काम करतो. काढताना हे चालतं, खरा धोका लावताना. हेड अ‍ॅल्युमिनियमचं. प्लग तिरका बसला आणि वरून रॅचेटचा जोर आला की आटे गेलेच. मग नवे आटे बसवायचे, नशीब खराब असेल तर हेड उतरवायचं. शे-दोनशेची मजुरी वाचवायला गेलो आणि हजारोंचं काम निघालं, अशी गत. त्यामुळे आधीच विचारा: “काउल काढणार ना?” “काय गरज नाय साहेब” असं उत्तर आलं तर गाडी दुसरीकडे न्या. काढतो म्हणाला, तर माझ्या मते बहुतेकांसाठी हाच सौदा उत्तम.

सर्व्हिस सेंटरला टॉर्क पाना (ठरलेल्या जोरानेच आवळणारा) असतो, कामाची ठरलेली पद्धत असते, काही बिघडलं तर भांडायला बिल असतं. मजुरी मात्र आठ प्लगची आणि काम काचेपलीकडे. मी तिथे तेव्हाच जाईन, जेव्हा काढताना प्लग अडकलाय अशी शंका येईल.

घरी करायचं तर पहिल्या वेळी अर्धा दिवस धरा. 16 मिमीचं, आत रबर असलेलं प्लग सॉकेट आणि दोन एक्स्टेंशन हवीत. इंजिन पूर्ण थंड हवं, म्हणजे सकाळीच. वायपर काढण्याआधी काचेवर त्यांची जागा टेपने मार्क करा, नाहीतर नंतर ते काचेच्या कडेवर आपटतात. काउलच्या क्लिपा जुन्या गाडीत तुटतातच, चार-पाच जास्तीच्या आणून ठेवा. प्लग सैल करण्याआधी खड्ड्यात हवा मारा, नाहीतर माती थेट सिलिंडरमध्ये.

लावताना सॉकेट बाजूला ठेवा. पेट्रोलच्या रबरी नळीचा वीतभर तुकडा प्लगच्या वरच्या टोकावर चढवा आणि नळी बोटांनी फिरवा. आटे सरळ लागले तर प्लग लोण्यासारखा आत जातो. तिरके लागले तर नळीच घसरते, आट्यांना काही होत नाही. पूर्ण बसल्यावर नवा प्लग सॉकेटने अर्धा ते दोन-तृतीयांश फेराच आवळा. वॉशर दबल्याचं हाताला कळतं. आट्यांना ग्रीस वगैरे लावू नका, त्याने अंदाज चुकून जास्त आवळलं जातं.

प्लग कुठले? निकेलच्या टोकाचे तीस-चाळीस हजार किलोमीटर जातात, इरिडियमचे लाखाच्या आसपास, आणि किंमत कित्येक पट. स्वतः करणार असाल तर निकेलच घाला. काउल एकदा काढली की दुसऱ्यांदा भीती राहत नाही, आणि वीस वर्षांच्या गाडीत एवढा पैसा कशाला? बाहेर मजुरी देऊन करून घेणार असाल तर आठही इरिडियम परवडतात, कारण खर्च प्लगपेक्षा तिथे पोचण्याचा आहे.

काम बाहेर दिलंत तर जुने प्लग परत मागून घ्या आणि तिथेच बोनेटवर मांडून मोजा. चारच निघाले, तर आठचे पैसे देऊ नका.