कापडी लंगोटावरची कव्हरं: जुळ्यांवर अकरा महिने वापरून

आमच्याकडे जुळी आहेत. मुलगा अकरा मिनिटांनी मोठा, म्हणून तो थोरला, आणि मुलगी धाकटी. दोघांचं वजन पहिल्यापासून जवळजवळ सारखं. पाच महिन्यांची असताना दोघंही साडेसहा किलोच्या आसपास होती. अंगकाठी मात्र साफ निराळी. थोरला लांब, किडकिडीत, काटकुळ्या मांड्यांचा. धाकटी आखूड, गुबगुबीत, एकेका मांडीवर तीन-तीन वळ्या. एकाच दिवशी आणलेलं, एकाच पाण्यात धुतलेलं तेच कव्हर, म्हणजे ओल बाहेर येऊ नये म्हणून लंगोटावर घालायचं आवरण, तिच्यावर तीन-तीन तास कोरडं राहायचं आणि त्याच्यावर घातलं की तासाभरात चादर ओली. म्हणून सगळ्यात आधी हेच सांगतो, की पाकिटावर छापलेलं वजन बघून कव्हर घेऊ नका. बाळाची मांडी बघून घ्या.

घरात लंगोट धुण्या-वाळवण्याचं काम माझ्याकडे आहे. त्यामुळे प्रत्येक कव्हर घालून, काढून, धुऊन, वाळवून मी स्वतः पाहिलंय. आतापर्यंत पाच प्रकार झाले.

सुरुवातीला सगळा दोष मी कव्हरच्या कापडाला, म्हणजे पीयूएलला दिला. पीयूएल म्हणजे पॉलिस्टरचं विणलेलं कापड आणि त्याच्या आतल्या बाजूला चिकटवलेला पॉलियुरेथेनचा पातळ थर. हा थरच कुठेतरी फाटला असणार, अशी माझी खात्री झाली होती. एका रात्री तिसऱ्यांदा चादर बदलल्यावर मी ते कव्हर बेसिनवर दोन्ही हातांनी झोळीसारखं धरलं आणि बायकोला त्यात कपभर पाणी ओतायला सांगितलं. पंधरा मिनिटं आम्ही दोघं तसेच उभे. खालून एक थेंब आला नाही. मग थोरल्याला पुन्हा लंगोट बांधला, तेच कव्हर चढवलं आणि दिव्याच्या उजेडात नीट पाहिलं. डाव्या मांडीपाशी इलॅस्टिक आणि कातडी यांच्यात माझी करंगळी सहज जात होती, आणि त्या फटीतून लंगोटाचं नखाएवढं टोक बाहेर डोकावत होतं. तेवढं टोक पुरतं. सुती कापड वातीसारखं काम करतं, आतली शू त्या टोकातून झबल्यात आणि झबल्यातून चादरीत. गळती नेहमी कडेला होते. मधल्या कापडात काही दोष असतो असं फार क्वचित.

त्यानंतर कव्हर घेताना मी आधी कडा बघायला लागलो. मांडीभोवतीचा गोट कशाचा आहे ते बोटांनी चाचपून पाहा. तो कव्हरच्याच जलरोधक कापडाचा असेल किंवा कड आत दुमडून शिवलेली असेल तर उत्तम. सुती गोट दिसायला छान, हाताला मऊ, पण आतून ओला झाला की बाहेरूनही ओला होतोच. आमच्याकडे नक्षीदार सुती गोटाची दोन कव्हरं भेट आली होती. इतकी देखणी होती की टाकवेनात, पण दुपारच्या झोपेलासुद्धा ती चालली नाहीत.

आता एकेक प्रकार.

पहिलं, अगदी तान्ह्या बाळाच्या मापाचं. हे बहुतेक कंपन्यांकडे साधारण अडीच ते साडेपाच किलोपर्यंतचं असतं. लोक म्हणतात, एवढ्याशा दिवसांसाठी वेगळं माप कशाला? मी म्हणेन, घ्या, निदान थोडी तरी घ्या. आमची दोघं जन्मतः अडीच किलोच्या आतली. सगळ्या वयांना चालणारं मोठं कव्हर अगदी लहान करून घातलं तरी पुढे काखेपर्यंत आणि मांडीला फट. लहान मापाच्या कव्हरला पुढून बेंबीपाशी खोलगट कट होता, त्यामुळे नाळ पडेपर्यंत तिथे काही घासलं नाही. आम्ही ही कव्हरं वापरलेली घेतली होती आणि त्याचं वाईट वाटलं नाही. वापरलेलं घेताना दोनच गोष्टी तपासा. इलॅस्टिक ताणून सोडलं की झटकन मागे आलं पाहिजे. करकर वाजलं किंवा सैल लोंबलं तर नको. आणि कव्हर उलटं करून उजेडासमोर धरा. आतला थर कुठे सुटलेला, फुगा आलेला किंवा तडकलेला असेल तर लगेच दिसतो.

दुसरं, टिचबटणांचं, एकच माप. पुढे बटणांच्या तीन-चार ओळी, त्या लावून उंची कमी-जास्त करायची. साधारण साडेतीन ते सोळा किलो असं लिहिलेलं असतं. टिकाऊपणात याला तोड नाही. अकरा महिन्यांत एकही बटण निखळलेलं नाही. पण बटण जिथे आहे तिथेच लागणार. थोरल्याला एका बटणावर सैल आणि पुढच्यावर घट्ट, मधलं काही नाहीच. धाकटीला मात्र हेच घालायला लागल्यापासून मापाचं बसलं. भरलेल्या मांडीच्या बाळाला मी डोळे मिटून हे सुचवीन.

तिसरं, वेल्क्रोचं, आणि मांडीपाशी इलॅस्टिकच्या दोन ओळी असलेलं. थोरल्याचा प्रश्न यानं सोडवला. वेल्क्रो हवं तितकं ओढून लावता येतं, डावीकडे थोडं जास्त, उजवीकडे थोडं कमी, असंही चालतं. आतली ओळ जांघेच्या घडीत बसते आणि बाहेरची तिच्यावरून. तान्ह्या बाळाची पातळ शी आतल्या ओळीच्या पलीकडे गेली तरी बाहेरची तिला अडवते. पहिल्या चार महिन्यांत कपड्यांवरचे पिवळे डाग याच कव्हरमुळे जवळजवळ थांबले. याची कटकट धुण्यात आहे. धुण्याआधी वेल्क्रोच्या पट्ट्या आत त्यासाठीच असलेल्या पट्टीवर दुमडून लावाव्या लागतात. एकदा मी ते विसरलो आणि सगळी कव्हरं, मोजे, दुपटी एकमेकांत गुंतून साखळीच बाहेर आली. शिवाय वेल्क्रोत धागे आणि केस अडकून त्याची पकड कमी होते. दर पंधरा दिवसांनी जुन्या टूथब्रशनं ते साफ करतो.

चौथं, चड्डीसारखं ओढून चढवायचं. ना बटण, ना वेल्क्रो. स्वस्त आणि साधं. पण उभ्या बाळाची शी झाली की ते पायांवरून खाली ओढताना काय होतं ते सांगायला नको. नुसत्या शूसाठी, आत नीट बांधलेल्या जाड लंगोटावर ते ठीक चालतं. आमच्याकडे एक आहे, तेही कपाटाच्या तळाशी.

यावरून आठवलं. फार पूर्वी लंगोटावर रबराच्या चड्ड्या घालत, त्या कातडीला चिमटायच्या आणि आत वाफ कोंडून पुरळ उठायचं. अमेरिकेतल्या मॅरियन डोनोव्हन या बाईंनी १९४६ च्या सुमारास न्हाणीघराचा पडदा कापून शिवणयंत्रावर पहिलं कव्हर शिवलं, पुढे पॅराशूटचं नायलॉन वापरलं आणि पिनांच्या जागी टिचबटणं बसवली. १९४९ मध्ये ते दुकानात आलं, १९५१ मध्ये त्यांना पेटंट मिळालं. रात्री दोन वाजता झोपेच्या अमलात, रडणाऱ्या बाळाला पिन टोचण्याची भीती न बाळगता मी बटण लावतो, तेव्हा या बाईंचे मनापासून आभार मानतो.

पाचवं लोकरीचं. याविषयी मी सर्वात साशंक होतो आणि आता रात्रीसाठी दुसरं काही वापरत नाही. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा शोषते, तरी हाताला ओली लागत नाही, आणि तिच्यातून हवा खेळते. पीयूएल घातलं की सकाळी थोरल्याचं ढुंगण लालसर दिसायचं. लोकरीनं ते बंद झालं. पण तिची सेवा करावी लागते. लॅनोलिन, म्हणजे मेंढीच्या लोकरीतलंच मेण, गरम पाण्यात थोड्या सौम्य साबणाबरोबर विरघळवायचं. पाणी दुधाळ झालं की त्यात कोमट पाणी मिसळायचं आणि कव्हर काही तास बुडवून ठेवायचं. मग पिळायचं नाही. टॉवेलात गुंडाळून दाबायचं आणि आडवं पसरून वाळवायचं. शी लागली नसेल तर दोन-तीन आठवडे धुवायचीही गरज नाही, रोज सकाळी वाऱ्यावर टाकलं की वास जातो. घाईत मी एक कव्हर कढत पाण्यात घातलं होतं. ते आटून, घट्ट होऊन बाहुलीच्या मापाचं झालं. धाकटी आता त्याच्याशी खेळते.

कव्हर कुठलंही असो, घातल्यावर मी दर वेळी काय बघतो ते सांगतो, कारण बहुतेकांचं इथेच चुकतं. इलॅस्टिक मांडीवर नाही, जांघेच्या घडीत बसलं पाहिजे, जिथे चड्डीची कड येते तिथे. मांडीवर बसलं तर बाळानं पाय हलवला की सरकतं. घातल्यावर मी दोन्ही बाजूंनी बोट आत घालून कड घडीत सरकवतो, लंगोटाचं कुठलंही टोक बाहेर नाही ना ते पाहतो, पाठीमागून कंबरेशी फट नाही ना तेही. पोटापाशी दोन बोटं आरामात गेली पाहिजेत. बाळ बसलं की पोट पुढे येतं, म्हणून हे बसवून तपासा. काढल्यावर मोज्याच्या कडेसारखी पुसट खूण दिसली तर काळजी नको. खूण खोल, लालभडक असेल आणि बराच वेळ जात नसेल तर कव्हर घट्ट होतंय.

आणि वरून तंग कपडा चढवू नका. ओला लंगोट दाबला गेला की पिळल्यासारखी शू कडेनं बाहेर येते. महिनाभर मी कव्हरला नावं ठेवत होतो, दोष निघाला एका आखूड झालेल्या झबल्याचा.

थोरला पुढच्या बाजूला जास्त भिजवतो, धाकटी मधोमध. त्यानुसार आतल्या कापडाची जादा घडी त्याला पुढे, तिला मध्ये. कव्हर चांगलं आणि आतलं कापड अपुरं असेल तर शू जाणार कुठे? दिवसा दोन-अडीच तासांनी बदलतो. फक्त शू असेल तर कव्हर आतून पुसून वाऱ्यावर टाकतो आणि एक लंगोट सोडून पुढच्यावर पुन्हा घालतो. दोघांना मिळून रोजच्या वापरात दहा कव्हरं पुरतात. एका बाळाला पाच-सहा पुरे.

पीयूएल ४० अंशांच्या वर धूत नाही. लंगोट ६० वर, कव्हरं वेगळी. ब्लीच नाही, कपडे मऊ करणारं द्रव नाही, इस्त्री तर नाहीच. वाळवणं सावलीत. गरम असताना इलॅस्टिक ताणायचं नाही, एवढं पाळलं तर कव्हरं वर्षं टिकतात. तेलकट मलम लावायचं असेल तर मध्ये एक पातळ फडकं ठेवा, नाहीतर मलम लंगोटात मुरतं आणि मग तो पाणी शोषेनासा होतो.

सध्याचा हिशेब असा आहे. थोरल्याला दिवसा वेल्क्रोचं, धाकटीला टिचबटणांचं, रात्री दोघांना लोकरीचं. पण गेल्या आठवड्यात थोरल्याला वेल्क्रो उघडायचा शोध लागलाय. चर्र आवाज आला की धाकटी हसते, म्हणून तो पुन्हा उघडतो. त्याच्या मांड्याही आता जरा भरल्या आहेत, त्यामुळे टिचबटणांचं कव्हर उद्यापासून त्याच्यावर पुन्हा घालून बघणार आहे.