जुन्या केबल भंगारात देतो म्हणाला

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्याच्या माडीवर माझी छोटी रेकॉर्डिंगची खोली आहे. नवरात्राआधी गरब्याच्या ट्रॅकचं काम असतं, वर्षभर भजनी मंडळं येतात आणि संगीत कॉलेजातली मुलं येतात. सयाजीराव महाराजांनी १८८६ साली काढलेली गायनशाळा म्हणजे आजचं हे कॉलेज. तिथली मुलं तानपुरा घेऊन आली की खोलीत टाचणी पडलेलीही ऐकू यायला हवी. यंदाच्या पितृपक्षात त्या तानपुऱ्यामुळेच मला कळलं की रॅकच्या वायरिंगमध्ये आपण पंचेचाळीस हजारांना फसलो आहोत. जे झालं ते सगळं लिहितोय, कारण ते वायरिंग करणारा माणूस अजून शहरात फिरतोय.

रॅकमध्ये, म्हणजे यंत्रं रचून ठेवायच्या सांगाड्यात, माइकचा बारीक सिग्नल मोठा करणारे दोन प्रीअँप, आवाजाची चढउतार आवरणारा कॉम्प्रेसर, घुमारा देणारा रिव्हर्ब, हेडफोन अँप आणि आवाज कॉम्प्युटरात नेणारा आठ चॅनलचा इंटरफेस. एखादी जोडणी बदलायची म्हणजे रॅक भिंतीपासून ओढायचा, टॉर्च दातात धरायचा आणि एकसारख्या काळ्या केबलींतून हवी ती शोधायची. गायक समोर बसलेला, ढोलवाला घड्याळ बघतोय. म्हणून पॅचबे बसवायचं ठरवलं. १९ इंची रॅकमध्ये बसणारी, पावणेदोन इंच उंचीची पट्टी. पुढे वर २४ आणि खाली २४ जॅक. मागच्या बाजूनं सगळी यंत्रं एकदाच जोडून टाकायची, वरच्या ओळीत यंत्रांतून येणारा सिग्नल, खालच्या ओळीत यंत्रांत जाणारा. मग रोजची अदलाबदल पुढूनच, वीतभर लांबीच्या पॅचकॉर्डनं. कल्पना उत्तम आहे, आजही मी तेच म्हणेन.

माणूस मिळाला तो गणपती मंडळातल्या ओळखीतून. मांडवाचा साउंड त्यानं लावला होता. अस्खलित मराठी, नम्र. आईच्या पाया पडला. "दादा, बडोद्यात आपण मराठी माणसं किती? तुम्हाला फसवून मी तोंड कुठं दाखवणार?" म्हणाला. या एका वाक्यावर मी दुसऱ्या कुणाकडे भावसुद्धा विचारला नाही.

हिशेब त्यानं वहीच्या कागदावर लिहून दिला. पॅचबे ९,५००. शुद्ध तांब्याच्या बॅलन्स्ड (घरघर न पकडणाऱ्या, दोन तारांच्या) केबल ३२, दर ८५०, म्हणजे २७,२००. परदेशी पॅचकॉर्ड ८, दर ४५०, म्हणजे ३,६००. मजुरी ५,०००. एकूण ४५,३००. बिल मागितलं तर म्हणाला, "जीएसटीचं हवं असेल तर १८ टक्के वर लागतील, कशाला घालवता?" मीही नको म्हटलं. ही माझी चूक, आणि पुढे तीच सगळ्यात महागात पडली. तीस हजार आगाऊ दिले, यूपीआयनं, तेही त्याच्या नावावर नाही, त्यानं दिलेल्या दुसऱ्याच नंबरावर.

तीन दिवस काम केलं. शेवटच्या दिवशी माझ्या जुन्या केबलींकडे बोट दाखवून म्हणाला, "ही अडगळ कशाला ठेवता? भंगारात देतो, पाचशे वजा करा." पोत्यात भरून स्कूटरवर घेऊन गेला. मी उरलेले १४,८०० देऊन टाकले.

रॅकची मागची बाजू बघून माझं मन भरून आलं होतं हे खरं सांगतो. प्रत्येक केबल सरळ, ठरावीक अंतरावर टाय, प्रत्येक टोकावर छापील चिठ्ठी. फोटो काढून मित्रांना पाठवले. इतकी सुंदर बांधलेली जुडी कोण सोडून बघणार? त्याला हे पक्कं ठाऊक होतं.

पंधरा दिवसांत कुरबुरी सुरू झाल्या. एखादा चॅनल मधूनच मुका व्हायचा, पुढून पिन खुपसून काढली की परत यायचा. फोनवर तो म्हणायचा, "नवीन आहे दादा, कॉन्टॅक्ट बसतील." मग एका मुलीचा तानपुरा रेकॉर्ड करताना हेडफोनमध्ये घूंऽऽ असा एकसुरी आवाज. तबला-ढोलाखाली झाकला जात होता, तानपुऱ्याखाली झाकायला जागाच नव्हती.

आमच्या ओळखीचे एक काका आहेत, रेडिओत इंजिनिअर होते, आता निवृत्त. ते मल्टिमीटर घेऊन माडीवर आले. आधी पॅचबे तपासला. माझ्या पॅचबेसारख्या हाफ-नॉर्मल जोडणीत पुढे काहीच खुपसलेलं नसेल तर वरच्या जॅकचा सिग्नल आतूनच खालच्या जॅकला मिळाला पाहिजे. वरच्यात पिन घातली तरी ती वाट चालू राहते, खालच्यात घातली की तुटते. हे मागून मीटर लावून दोन मिनिटांत कळतं. माझ्या २४ उभ्या जोड्यांपैकी ९ मध्ये वाट बंदच होती. काकांनी स्क्रू काढून पट्टी सोडवली. आतले जॅक काळवंडलेले, स्प्रिंग मेलेल्या. कुठल्या तरी बंद पडलेल्या स्टुडिओतला माल, वर नवीन रंगवलेला पत्रा.

मग त्यांनी एका केबलचं टोक उघडलं. बॅलन्स्ड केबलीत दोन तारा आणि वर जाळी, पिनेवर तीन जोड: टोक, मधलं कडं आणि मागचा भाग. दोन तारांवर एकच सिग्नल उलट-सुलट जातो, बाहेरून येणारी घरघर दोन्हींवर सारखीच चढते आणि पुढच्या यंत्रात वजा होते. माझ्या केबलीत तारच एक होती. मधलं कडं आणि मागचा भाग पिनेतच एकमेकांना जोडून टाकलेला. बाहेरून पिनेवर दोन काळ्या रेघा, अगदी बॅलन्स्डसारख्या. ३२ च्या ३२ तशाच. बत्तीस केबल म्हणजे चौसष्ट टोकं त्यानं बसून झाळली. तेवढ्या वेळात खरी तार लावता आली असती, हे मला अजून सुटत नाही.

काकांनी ब्लेडनं तार खरवडली. वर तांबूस, आत पांढरी. तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या: चांगल्या तांब्यावरही कधी कल्हई असते, ती वरून पांढरी दिसते पण खरवडली की आत लाल निघते. आत पांढरं निघालं की समजा गडबड आहे. अशी तार हलकी लागते, आणि चार वेळा वाकवली की जोडापाशी तुटते.

त्यातच माइकच्या आठ लाईनही त्यानं पॅचबेमधून फिरवल्या होत्या, केबलींचा आकडा वाढवायला. काका यावर खरोखर चिडले. कंडेन्सर माइक विजेवर चालतो, त्याला केबलीतूनच ४८ व्होल्ट जातात, आणि या जाड पिनेच्या जॅकमध्ये पिन सरकताना तिचं टोक आणि मधलं कडं क्षणभर भलत्याच जोडांना टेकून शॉर्ट होतात. ते व्होल्ट चालू असताना कुणी पिन हलवली असती तर एखादं यंत्र गेलं असतं.

सगळं तपासून झाल्यावर आठ पॅचकॉर्ड उरल्या. त्या मात्र उत्तम निघाल्या. दोन तारा, घट्ट जाळी, खरवडून लालभडक तांबं. काका म्हणाले, "एवढं तरी खरं दिलं." मी एक हातात घेतली आणि पिनेपाशी लाल ठिपका दिसला. नेलपॉलिशचा. माझ्या जुन्या केबलींवर ओळखीसाठी मीच लावायचो. पहिल्या दिवशीच काही केबल "मोजायला" म्हणून तो घेऊन गेला होता. माझीच तार कापून, तुकडे करून, परदेशी म्हणून मला ४५० ला एक विकली. बाकीची चांगली तार पोत्यातून गेली.

फोन केला तर आधी "कंपनीनंच फसवलं" म्हणाला, मग उचलणं बंद. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. त्यांचा पहिला प्रश्न बिलाचा. माझ्याकडे तो वहीचा कागद, यूपीआयच्या नोंदी आणि काकांनी काढलेले फोटो आहेत. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, म्हणून तो अर्ज तयार करतोय. मंडळातल्या लोकांना सांगितल्यावर आणखी दोघांकडे हेच पोतं भरून गेल्याचं कळलं.

कुणी वायरिंगला घरी आलं तर जुडी बांधण्याआधी कुठलीही एक केबल तुम्ही निवडा आणि त्याच्यासमोर उघडायला लावा. जुनी केबल एक तुकडाही देऊ नका. पैशाचा शेवटचा हप्ता प्रत्येक जॅकला मीटर लावल्यावरच.

मी आता नवा पॅचबे बिलासकट आणलाय आणि काकांच्या हाताखाली झाळकाम शिकतोय. माइकच्या लाईन सरळ प्रीअँपला गेल्या. उरलेल्या २४ केबलींपैकी १८ झाळून झाल्या आहेत, सहा बाकी. ते उघडलेलं टोक मी पाकिटात ठेवलंय. कुणाला स्वतःच्या केबलीशी ताडून बघायचं असेल तर संध्याकाळी सहानंतर माडीवर या.