दोन चॅनेलचा डिजिटल ऑसिलोस्कोप : इलेक्ट्रिकल-इलेक्ट्रॉनिक्सच्या अभ्यासात वर्षभर वापरल्यावर

१०० मेगाहर्ट्झ बँडविड्थ (इतक्या वेगाचे सिग्नल दाखवायची क्षमता), दोन चॅनेल, सेकंदाला १ अब्ज नमुने, ८ बिटांचा एडीसी (व्होल्टेजचे आकडे करणारा भाग), १ कोटी बिंदूंची मेमरी आणि सोबत दोन प्रोब (सर्किटला टेकवायच्या मोजणीच्या वायरी). इलेक्ट्रिकल अँड इलेक्ट्रॉनिक इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना हा स्कोप, म्हणजे व्होल्टेज वेळेनुसार कसं बदलतं ते लाटेच्या रूपात पडद्यावर दाखवणारं यंत्र, माझ्या टेबलावर आला आणि तेव्हापासून जवळजवळ रोज चालू असतो. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या वर्गातले सगळे स्कोप थोड्याफार फरकाने असेच आहेत. मला लिहायचंय ते वेगळंच : विद्यार्थ्याने स्वतःचा स्कोप ठेवावा का, आणि ठेवला तर अभ्यासाला त्यातून नेमकं काय मिळतं.

ठेवावा, असंच माझं मत झालंय. फक्त एक सवय हवी. प्रोब लावण्याआधी पडद्यावर काय दिसायला पाहिजे ते आकड्यांत लिहून काढायचं. नुसतीच लाट बघायची असेल तर ती पुस्तकातही छापलेली असते. आपला आकडा आणि पडद्यावरचा आकडा यांत जो फरक पडतो, तो कुठून आला हे शोधताना विषय अंगवळणी पडतो.

उदाहरणार्थ, सिरीज आरएलसी, म्हणजे रेझिस्टर, कॉइल आणि कपॅसिटर एकामागोमाग जोडलेलं सर्किट. १० मिलिहेन्रीची कॉइल, १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर, १०० ओमचा रेझिस्टर. स्टेप दिली, म्हणजे इनपुट एकदम चढवलं, की कपॅसिटरवरचं व्होल्टेज किती ओव्हरशूट करेल, म्हणजे ठरल्या पातळीच्या किती वर उसळेल? क्रिटिकल डॅम्पिंगसाठी (उसळी अजिबात न येण्यासाठी) लागणारा रोध येतो साधारण ६३२ ओम, म्हणजे डॅम्पिंग रेशो (आपला रोध भागिले हा रोध) ०.१६ आणि ओव्हरशूट ६० टक्के. पेपरात एवढं लिहिलं की पूर्ण मार्क. पडद्यावर मात्र तो ४० टक्क्यांच्याही जरा खालीच दिसतो. सर्किट बरोबर असतं, सूत्रही बरोबर असतं. पण फंक्शन जनरेटरच्या (सिग्नल देणाऱ्या यंत्राच्या) आत ५० ओम असतात, आणि कॉइल म्हणजे शेवटी तारच, तिचाही रोध असतो (माझ्याकडच्या कॉइलचा मल्टिमीटरवर ३० ओम भरला). १०० च्या जागी १८० घालून गणित पुन्हा केलं की उत्तर येतं ३९ टक्के. सोर्स इम्पीडन्स, म्हणजे सिग्नल देणाऱ्याचा आतला रोध, हा शब्द मी पहिल्या सेमिस्टरपासून ऐकत होते. तो किती खातो, हे या पडद्यावर दिसलं तेव्हा मनात पक्कं बसलं.

ऑप-अँपच्या (सिग्नल मोठा करणाऱ्या आयसीच्या) बाबतीत स्कोपने जे दिलं ते कुठल्याच सिम्युलेशनने दिलं नाही, म्हणून त्यावर जरा सविस्तर. १९६८ सालची ७४१ आजही अभ्यासक्रमात आहे, आणि माझ्या मते असावी, कारण तिच्या मर्यादा डोळ्यांनी दिसतील इतक्या जवळ आहेत. तिचा स्लू रेट, म्हणजे आउटपुट बदलण्याचा कमाल वेग, मायक्रोसेकंदाला अर्धा व्होल्ट. व्होल्टेज फॉलोअर (आउटपुट इनपुटइतकंच ठेवणारी जोडणी) जोडा, सप्लाय अधिक-उणे १५ व्होल्ट, इनपुटला १० व्होल्ट पीकची साइन वेव्ह. गणिताने ८ किलोहर्ट्झच्या आसपास तिची दमछाक सुरू व्हायला हवी. ५ किलोहर्ट्झला दोन्ही चॅनेलच्या लाटा एकमेकींवर चपखल बसतात. फ्रिक्वेन्सी हळूहळू वाढवत नेली की आधी लाटेचे उतार सरळ व्हायला लागतात, मग माथा टोकदार होतो, आणि २० किलोहर्ट्झला इनपुटला साइन तर आउटपुटला स्वच्छ त्रिकोण. त्या त्रिकोणाची उंचीसुद्धा आधी काढता येते : ५० मायक्रोसेकंदांचा एक फेरा, त्याचा पाव भाग साडेबारा मायक्रोसेकंद, तेवढ्यात अर्ध्या व्होल्टच्या गतीने आउटपुट जाऊन जाऊन जाणार सव्वासहा व्होल्टपर्यंत. कर्सर लावून मोजलं तर त्याच्या अगदी जवळ.

आता फ्रिक्वेन्सीला हात न लावता इनपुट अर्ध्या व्होल्टवर आणा. त्रिकोण जातो आणि साइन परत येते. बँडविड्थ आणि स्लू रेट या दोन वेगळ्या मर्यादा आहेत, एक सिग्नलच्या उंचीवर अवलंबून नाही आणि दुसरी आहे, हे वाक्य मी किती वेळा वाचलं असेल. अँप्लिट्यूडचं बटण फिरवताना ते जेवढं समजलं तेवढं वाचून कधीच समजलं नव्हतं.

एफएफटीचं, म्हणजे सिग्नलमधल्या फ्रिक्वेन्सी वेगवेगळ्या करून दाखवणारं, फंक्शन ठीकठाक आहे. ८ बिट म्हणजे २५६ पायऱ्या, त्यामुळे फार बारीक हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतल्या फ्रिक्वेन्सी) नॉइझमध्ये बुडतात, आणि एफएफटी लावलं की पडदा मंदावतो. तरी सिग्नल्स अँड सिस्टिम्स शिकणाऱ्या प्रत्येकाने एक प्रयोग जरूर करून बघावा. १९७२ पासून बाजारात असलेली ५५५ टायमर आयसी घ्या, अस्टेबल (आपोआप चालू-बंद होत राहणारी) जोडणी करा, दोन्ही रेझिस्टर १० किलोओमचे, कपॅसिटर ४७ नॅनोफॅरड. फ्रिक्वेन्सी येते १ किलोहर्ट्झच्या आसपास. दोन्ही रेझिस्टर सारखे असले की आउटपुट फेऱ्याचा दोन तृतीयांश वेळ वर राहतं. फूरियेच्या सूत्रात हे घातलं की तिसरं हार्मोनिक शून्य येतं, सहावं शून्य, नववं शून्य. पडद्यावर तसंच : एक, दोन, मग रिकामी जागा, चार, पाच, पुन्हा रिकामी जागा. रेझिस्टरच्या टॉलरन्समुळे (लिहिलेल्या किमतीपासूनच्या थोड्याशा फरकामुळे) त्या जागी छोटासा कोंब उरतो, तोही आनंदाने बघण्यासारखा. वर्गात फळ्यावर सोडवलेलं इंटिग्रल माझ्यासमोर शब्दशः गाळलेल्या जागांसारखं उभं होतं. त्या दिवशी मी कितीतरी वेळ एकच रेझिस्टर बदलत बसले होते.

प्रोबबद्दल मात्र कुणीतरी आधीच सांगायला हवं. त्यावरचा १एक्स-१०एक्सचा (सिग्नल जसाच्या तसा की दहापट कमी करून घ्यायचा ते ठरवणारा) छोटा स्विच म्हणजे केवळ पडद्यावरचा पट बदलायची सोय नव्हे. १एक्सवर माझ्या प्रोबची बँडविड्थ जेमतेम ६ मेगाहर्ट्झ उरते, म्हणजे १०० मेगाहर्ट्झचा स्कोप घेऊन त्यातला बराचसा भाग वाया. म्हणून तो कायम १०एक्सवर ठेवावा आणि स्कोपच्या मेनूतही १०एक्स निवडावं. नवीन प्रोब लावला की समोरच्या १ किलोहर्ट्झच्या चौकोनी लाटेवर तो जुळवून घ्यायचा. प्रोबवरचा छोटा स्क्रू फिरवत लाटेचे कोपरे ना गोलसर ना टोकदार, असे करायचे.

१०एक्सवर प्रोबचा रोध १० मेगाओम, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. ते डीसीला खरं. प्रोबच्या टोकाला १२ पिकोफॅरडच्या आसपास कपॅसिटन्सही असतो आणि १० मेगाहर्ट्झला त्याचा रिॲक्टन्स (त्या फ्रिक्वेन्सीला होणारा अडथळा) भरतो सुमारे १.३ किलोओम. कुठे १० मेगाओम आणि कुठे १.३ किलोओम! क्रिस्टल ऑसिलेटरच्या पायाला प्रोब टेकवला की तो कधीकधी बंदच पडतो, त्याचं कारण हेच. ग्राउंडच्या लांब वायरीचंही तसंच आहे. तिचं इंडक्टन्स आणि टोकाचा कपॅसिटन्स मिळून वेगवान कडेवर अशी काही थरथर दाखवतात की सर्किटमध्येच दोष आहे असं वाटावं. प्रोबसोबत बारीक स्प्रिंगचा ग्राउंड येतो, तो लावला की थरथर निम्म्याहून कमी होते. बहुतेकांच्या डब्यात तो न उघडलेल्या पिशवीत पडून असतो.

प्रोजेक्टच्या वेळी स्कोपने एका संध्याकाळी सगळे पैसे वसूल केले. आय-स्क्वेअर-सी बसवर (चिप एकमेकींशी बोलतात त्या दोन तारांवर) ४०० किलोहर्ट्झने सेन्सर वाचायचा होता. तो मधूनच उत्तर द्यायचा, मधूनच गप्प. आमच्या गटाची दोन दिवस कोडवरच शोधाशोध चालू होती. क्लॉकच्या लाइनला प्रोब लावला तर खाली येणारी कड उभी आणि वर जाणारी कड आळसावलेली, कपॅसिटर चार्ज होतो तशी वाकडी. पुल-अप (लाइन वर खेचणारे रेझिस्टर) होते १० किलोओमचे. लाइनचा कपॅसिटन्स साधारण १०० पिकोफॅरड धरला तर तीस टक्क्यांवरून सत्तर टक्क्यांवर जायला ०.८५ मायक्रोसेकंद लागतात, आणि या वेगाला मुभा आहे फक्त ०.३ ची. २.२ किलोओम लावले, वेळ ०.१९ वर आला, सेन्सर नियमित बोलू लागला. सगळं कारण पहिल्या वर्षी शिकलेल्या आरसीच्या गणितात होतं. डीकोडची सोयही या स्कोपमध्ये आहे, ती पत्ता आणि डेटा वाचून दाखवते, पण ती लावण्याआधी लाटेचा आकार बघावा असं माझं ठाम मत आहे.

आता सुरक्षिततेचं, आणि हे कृपया नीट वाचा. प्रोबची ग्राउंड क्लिप स्कोपच्या धातूच्या भागातून थेट अर्थिंगला जोडलेली असते. दोन्ही चॅनेलच्या क्लिप आतून एकच असतात. ब्रिज रेक्टिफायरचा (एसीचं डीसी करणाऱ्या चार डायोडच्या सर्किटचा) इनपुट आणि आउटपुट एकाच वेळी बघायला म्हणून एक क्लिप ट्रान्सफॉर्मरच्या टोकाला आणि दुसरी लोडच्या उण्या टोकाला लावली, की मधला डायोड स्कोपमधूनच शॉर्ट होतो आणि पुढच्या अर्ध्या फेऱ्यात दुसरा डायोड जळतो. दोन्ही क्लिप एकाच बिंदूला ठेवा, दोन्ही टोकांना प्रोब लावा आणि मॅथमधून चॅनेल १ वजा चॅनेल २ घ्या. मेन्सच्या व्होल्टेजवर मोजायचं असेल तर त्यासाठी बनवलेला डिफरन्शियल प्रोबच (दोन बिंदूंमधला फरक मोजणारा) हवा. स्कोपची अर्थ पिन काढून टाकायचा सल्ला कुणीही दिला, कितीही अनुभवी माणसाने दिला, तरी ऐकू नका. मग स्कोपची बाहेरची धातूच लाइव्ह होते.

खटकणाऱ्या गोष्टी आहेतच. पंख्याचा आवाज रात्रीच्या शांततेत जाणवतो. दोन्ही चॅनेलसाठी उंचीचं एकच बटण आहे, त्यामुळे चुकीचं चॅनेल हलतं. दोन्ही चॅनेल चालू केले की नमुन्यांचा वेग निम्मा होतो, हे डब्यावर बारीक अक्षरांत. व्होल्टेजची अचूकता ३ टक्क्यांच्या आसपास, म्हणून सप्लाय ५ व्होल्ट आहे की ४.९ हे मल्टिमीटरलाच विचारावं. ५ व्होल्टवरची बारीक रिपल (डीसीवर उरलेली लहर) बघायची तर एसी कपलिंगवर, म्हणजे डीसी गाळून फक्त बदलणारा भाग दाखवणाऱ्या सेटिंगवर, जावं लागतं. पडद्यावरच्या जाळीतल्या एका घराला १ व्होल्ट ठेवला तर ८ बिटांची एकेक पायरीच ३१ मिलिव्होल्टची पडते, त्यात २० मिलिव्होल्टची रिपल दिसणार कुठून!

मेमरी मोठी असली तरी तिचा हिशेब ठेवावा लागतो. पडद्यावर १० सेकंदांचा पट घेतला तर १ कोटी बिंदू सेकंदाला १० लाख या दराने वाटले जातात. मग अर्ध्या मेगाहर्ट्झच्या वरचा कुठलाही सिग्नल खोट्या, मंद फ्रिक्वेन्सीचं रूप घेऊन समोर येतो, आणि तो दिसतो अगदी खरा. सॅम्पलिंग थिअरमचं (नमुन्यांच्या दराच्या निम्म्यावरची फ्रिक्वेन्सी खरी दिसत नाही, या नियमाचं) याहून चांगलं प्रात्यक्षिक मला माहीत नाही. कोपऱ्यात लिहिलेला सॅम्पल रेट बघायची सवय यातूनच लागली.

सगळी सेटिंग आपोआप लावणाऱ्या ऑटो बटणाबद्दल माझं म्हणणं जरा कडक आहे. शिकताना ते वापरूच नये. ट्रिगर (लाट कुठल्या क्षणाला धरून दाखवायची ती खूण) कुठल्या चॅनेलवर, किती व्होल्टवर, चढत्या कडेवर की उतरत्या, हे स्वतः ठरवल्याशिवाय स्कोप हातात येत नाही. पुशबटणाचं बाउन्स (दाबताना संपर्काची क्षणिक थरथर) पकडायचं असेल तर ऑटो काहीच करू शकत नाही, तिथे सिंगल ट्रिगरच लागतो. लॅबमधला स्कोप आधीच कुणीतरी लावून ठेवलेला असतो आणि प्रॅक्टिकलची वेळ रीडिंग भरण्यात जाते, म्हणून तिथे वर्षं काढूनही ट्रिगर कळत नाही. ‘लॅबमध्ये आहेच की’ म्हणणाऱ्यांना माझं एवढंच उत्तर.

कुणाला लागणार नाही तेही सांगते. पॉवर सिस्टिम्सकडे जायचं पक्कं असेल, लोड फ्लो आणि फॉल्टची गणितं हाच मुख्य अभ्यास असेल, तर हा पैसा चांगल्या मल्टिमीटरवर आणि उरलेला पुस्तकांवर घाला. मशीन्सच्या विषयातही करंट प्रोबशिवाय याचा उपयोग अर्धाच. इलेक्ट्रोमॅग्नेटिक्सला जवळजवळ नाहीच. ॲनालॉग, पॉवर इलेक्ट्रॉनिक्स, एम्बेडेड, कंट्रोल यांपैकी काहीही आवडत असेल तर तिसऱ्या सेमिस्टरच्या सुरुवातीलाच घ्या, शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी थांबू नका.

घेताना बँडविड्थच्या आकड्यामागे फार धावायची गरज नाही. १०० मेगाहर्ट्झचा स्कोप साडेतीन नॅनोसेकंदांपर्यंतची कड दाखवतो, ५० चा ७ नॅनोसेकंदांपर्यंतची, आणि पदवीच्या अभ्यासाला दोन्ही पुरतात. जास्तीचे पैसे असतील तर चार चॅनेलचा बघा. एसपीआयला (चिपांनी एकमेकींशी बोलायची आणखी एक पद्धत) क्लॉक, दोन डेटा आणि सिलेक्ट अशा चार लाइन एकदम बघाव्या लागतात, तिथे माझे दोन चॅनेल अपुरे पडतात. आणि एक जादा प्रोब सुरुवातीलाच घेऊन ठेवा. माझ्या एका प्रोबचं हुक सैल झालंय, आता तो हाताने दाबून धरावा लागतो.