इन्क्युबेटर घेताय? आधी परतीची मुदत बघा

कोंबडीचं पिल्लू अंड्यातून बाहेर यायला २१ दिवस लागतात. ऑनलाइन घेतलेली वस्तू परत करायची मुदत मात्र बहुतेक ठिकाणी सात-दहा दिवसांची असते. निकृष्ट इन्क्युबेटर, म्हणजे अंडी उबवायची यंत्रं, विकणाऱ्यांचा धंदा या मधल्या दिवसांवर चालतो. यंत्रात खोट आहे हे कळेपर्यंत मुदत उलटलेली असते, आणि फोन केला की उत्तर तयार असतं, "ताई, तुमची अंडीच खराब होती." मलाही हेच ऐकवलं गेलं. ते खोटं होतं आणि ते का खोटं होतं हे मी नीट सांगणार आहे. मुंबईत आणि आसपास घरी कोंबड्या पाळणारे कितीतरी जण सध्या असल्याच जाहिराती बघत आहेत.

आम्ही मुलुंडला डोंगराच्या बाजूला बैठ्या घरात राहतो. मागे खुराडं आहे, त्यात गावरान कोंबड्या आणि एक कोंबडा. कोंबडी खुडूक झाली, म्हणजे उबवायला बसली, की तिच्याखाली अंडी ठेवायची, ही सासूबाईंची पद्धत. पण पिल्लं हवी तेव्हा कोंबडी खुडूक होतेच असं नाही, म्हणून यंत्र घ्यायचं ठरलं. जाहिरातीत ५६ अंड्यांचं 'फुल ऑटोमॅटिक' मॉडेल होतं. मी विकणाऱ्याला नेमकं विचारलं होतं: आतली हवा फिरवणारा पंखा आहे का, अंडी आपोआप कलतात का, आर्द्रता मोजायचा सेन्सर आहे का. प्रत्येक प्रश्नाला हो. पिवळ्या कडक प्लॅस्टिकच्या यंत्राचा व्हिडिओही पाठवला. साइटवर कमिशन जातं, थेट पैसे पाठवलेत तर हजार रुपये कमी करतो, असं म्हणाला. ही सवलत कशासाठी असते ते लक्षात घ्या: व्यवहार साइटच्या बाहेर गेला की परतीची जी काही मुदत असते तीही जाते.

आली ती थर्माकोलची पेटी, वर चकचकीत स्टिकर. आत दोन बल्ब, कॉम्प्युटरमधला असतो तसा छोटा पंखा आणि लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात दीड-दोनशे रुपयांना सुटा मिळतो तसला तापमानाचा बोर्ड. थर्माकोलला माझा आक्षेप नाही, तो ऊब चांगली धरतो आणि अशा पेटीत नीट पिल्लं काढणारे लोक आहेत. पण दाखवायचं एक आणि पाठवायचं दुसरं, ही सरळ लबाडी आहे. त्याच दिवशी फोन केला तेव्हा म्हणाला, "मॉडेल अपडेट झालंय. एक बॅच काढून बघा, पिल्लं नाही आली तर पैसे परत." हे वाक्य कानावर पडलं की समजा, तो तुमच्याकडून तीन आठवडे काढून घेतोय.

सासूबाईंनी त्याच वेळी एक गोष्ट केली, ती पुढे फार उपयोगी पडली. एक कोंबडी खुडूक बसली होती. त्याच कोंबड्यांची, त्याच दिवसांत जमवलेली थोडी अंडी त्यांनी तिच्याखाली ठेवली आणि उरलेली यंत्रात. कोंबडीने एखाददुसरं सोडून सगळ्या अंड्यांची पिल्लं काढली. यंत्रातून एकही पिल्लू जिवंत बाहेर आलं नाही. अंडी खराब होती म्हणणाऱ्याला यापेक्षा स्पष्ट उत्तर नाही.

खुडूक कोंबडी नसेल तरी अंडं स्वतःच बरंच सांगतं. सातव्या दिवशी अंधारात मोबाईलचा टॉर्च अंड्याच्या बोथट टोकाला लावून बघा. आतून स्वच्छ पिवळसर दिसलं तर ते बहुधा वांझ, दोष अंड्याचा किंवा कोंबड्याचा. लाल शिरांचं जाळं दिसलं तर जीव वाढतोय. आणि लाल कडं दिसलं तर जीव धरला होता आणि मेला. अंडी ताजी असतील तर अशा वेळी संशय तापमानावर घ्यायचा. माझ्या पेटीत स्वच्छ अंडी थोडीच होती. लाल कडं असलेली भरपूर होती आणि त्यातली बहुतेक बल्बच्या बाजूची.

मग मी तापाचा थर्मामीटर आत ठेवला. पाऱ्याचा थर्मामीटर चढलेला आकडा धरून ठेवतो, म्हणून रात्रभर ठेवला की त्या जागी जास्तीत जास्त किती उष्णता झाली ते कळतं. पंखा असलेल्या यंत्रात तापमान साडेसदतीस अंशांच्या आसपास हवं, म्हणजे फॅरनहाइटमध्ये ९९.५ ते १००. पेटीवरचा आकडा बरोबर ३७.५ दाखवत होता. बल्बजवळ पारा १०४ वर गेला होता, आणि कोपऱ्यात डिजिटल थर्मामीटर ठेवला तर तो ९७ च्या पुढे सरकेना. पंखा आतली हवा फिरवत नव्हता, बाहेर फेकत होता. बाहेरचा आकडा फक्त सेन्सरच्या टोकाशी काय चाललंय ते सांगतो, अंड्याशी काय चाललंय ते नाही.

आर्द्रतेची कथा तर मुंबईकरांनी मुद्दाम ऐकावी. पुस्तिकेत लिहिलं होतं, पाण्याचे दोन्ही खण सतत भरलेले ठेवा. पहिले १८ दिवस आर्द्रता ५० ते ५५ टक्के पुरते, शेवटचे तीन दिवस ६५ ते ७०. जुलैत आपल्याकडे बाहेर २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असते. तीच हवा साडेसदतीसपर्यंत तापवली की पाण्याचा थेंबही न घालता पेटीत ५० टक्के आर्द्रता मिळते. वर खण भरले की हवा नको तितकी दमट होते, अंड्यातलं पाणी उडत नाही, आतली हवेची पोकळी लहान राहते आणि पूर्ण वाढलेलं पिल्लू चोच मारायच्या वेळी कवचातच गुदमरतं. उष्णतेतून वाचलेली माझी अंडी अशीच गेली. फोडून बघितली तेव्हा पिसं फुटलेली पिल्लं आत होती. फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

हे स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावरही कळतं. ५० ग्रॅमचं अंडं १८ व्या दिवसापर्यंत साधारण सहा ग्रॅमने हलकं व्हायला हवं. माझी जेमतेम तीन ग्रॅमने झाली होती. पेटीवरचा आर्द्रतेचा आकडा मात्र कायम ६० होता, सेन्सरवर तोंडाची वाफ सोडली तरी ६०. आर्द्रतामापक खरा की खोटा हे तपासायला वाटीभर मीठ थोड्या पाण्याने ओलसर करा, विरघळू देऊ नका. वाटी आणि मापक घट्ट झाकणाच्या डब्यात काही तास ठेवले की आकडा ७५ च्या जवळ यायला हवा.

म्हणून यंत्र आलं की अंडी घालूच नका. दोन दिवस रिकामं चालवा, चारही कोपऱ्यांत आणि मध्ये थर्मामीटर ठेवा, ट्रे खरंच कलतो का ते सकाळ-संध्याकाळ फोटो काढून बघा. प्लग दोन पिनांचा असेल किंवा बल्ब थर्माकोलला चिकटून असेल तर चालूच करू नका, शॉक बसू शकतो किंवा आग लागू शकते. खोट सापडली तर मुदत शिल्लक असताना परत करता येतं. आणि जाहिरातीत ९८ टक्के पिल्लं निघतील असं लिहिलेलं असेल तर तिथेच थांबा. मोठ्या हॅचरीतही ठेवलेल्या अंड्यांपैकी ८०-८५ टक्के निघाली तर ते चांगलं धरतात.

जमलं तर कुणाच्या घरी चालू असलेलं यंत्र बघूनच घ्या. विचारायला जाणकार माणसं लागतील तर गोरेगावच्या आरे कॉलनीत केंद्र सरकारची कुक्कुट विकास संस्था आहे आणि परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

मला आलेल्या बिलावरचा जीएसटी क्रमांक तेराच अक्षरांचा होता, खरा १५ अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो. पैसे पाठवण्याआधी बिलाचा नमुना मागून हा क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर टाकून बघा. ऑनलाइन पैसे बुडाले तर लगेच १९३० ला फोन करा, ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे विक्रेता कुठलाही असला तरी आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. माझी तक्रार दाखल आहे, पैसे अजून आलेले नाहीत.

त्याचा नंबर आता बंद आहे. पण तोच व्हिडिओ मला आणखी दोन वेगळ्या नावांच्या जाहिरातींत दिसला: पिवळं यंत्र, मागे निळी ताडपत्री, झाकण उघडताना हातात लाल दोरा. दिसला तर पैसे पाठवू नका, आणि कुणी आधीच पाठवले असतील तर बिल, पैसे भरल्याची पावती आणि पेटी उघडतानाचा व्हिडिओ जपून ठेवा.