मराठी-कन्नड संकेतस्थळ: वर्डप्रेस, जूमला की ड्रूपल?

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या पतसंस्थेच्या संकेतस्थळाला मराठी आणि कन्नड दोन्ही लागतात. वर्डप्रेस, जूमला आणि ड्रूपल ही संकेतस्थळ बनवायची आणि सांभाळायची साधनं. तिन्ही फुकट, तिन्ही पीएचपी या संगणकभाषेवर चालणारी. मग निवडताना बघायचं एकच: ठेवीचा व्याजदर बदलला, तर तो किती ठिकाणी बदलावा लागणार?

वर्डप्रेसमध्ये दुसऱ्या भाषेची सोय मुळात नाही. त्यासाठी पॉलीलँग हे प्लगइन, म्हणजे वरून जोडायचा भाग, घालावं. त्याची मोफत आवृत्ती पुरते. ते चालू केल्यावर जुन्या पानांना भाषा नेमून द्या, नाहीतर ती यादीत दिसत नाहीत. मेनू प्रत्येक भाषेचा वेगळा. खरी अडचण पुढे आहे. मराठी पान आणि कन्नड पान स्वतंत्र असतात. एकात दर बदलला, दुसऱ्यात राहिला, की ठेवीदार काउंटरवर हजर! उपाय सोपा आहे: महिने आणि दर एवढ्याच आकड्यांचा तक्ता 'सिंक्ड पॅटर्न' (एका जागी बदलला की सगळीकडे बदलणारा तुकडा) म्हणून जतन करून दोन्ही पानांत टाकावा, मथळे ज्या त्या भाषेत बाहेर ठेवावेत.

वर्डप्रेसची दुसरी खोड पानाच्या वेबपत्त्याची (यूआरएल). देवनागरी शीर्षकावरून पत्ता बनताना प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, ९ अक्षरांची जागा खातं. मर्यादा २०० अक्षरांची, म्हणजे २२ चिन्हांपुढचा भाग कापला जातो. पत्ता रोमन लिपीत हाताने लिहावा.

जूमलात भाषांची सोय २०११ च्या १.६ आवृत्तीपासून अंगचीच आहे. पानं मात्र इथेही वेगळीच, फक्त एकमेकांना जोडलेली. प्रत्येक भाषेचं मुख्यपृष्ठ ठरवण्याआधी 'लँग्वेज फिल्टर' (भाषेनुसार पानं दाखवणारं प्लगइन) चालू केलं, की ४०४ ची, म्हणजे 'पान सापडलं नाही' अशी पाटी दिसते. वर्डप्रेस सोडून इकडे यावं असं कारण छोट्या संस्थेला सहसा नसतं.

ड्रूपलमध्ये दोन्ही भाषांना मिळून नोंद एकच, भाषांतर तिच्यातल्या रकान्यागणिक. दर, फोन, छायाचित्र या रकान्यांवरची भाषांतराची खूण काढली की ते दोन्हीकडे आपोआप सारखे राहतात. ८ व्या आवृत्तीपासून (२०१५) हे मूळ साच्यातच आहे. पण अद्ययावत करायला कंपोझर हे साधन, म्हणजे कमांड लाइन (आज्ञा टाइप करून काम करणं) लागते, आणि ड्रूपल ११ ला पीएचपीची ८.३ आवृत्ती. स्वस्त होस्टिंग (संकेतस्थळासाठी भाड्याची जागा) घेत असाल, तर हे चालतं का ते आधी विचारून घ्या. शाखा बऱ्याच असतील आणि हे सांभाळणारा माणूस कायमचा असेल, तरच ड्रूपल. पंधरा-वीस पानं आणि कारकुनाच्या हाती काम असेल, तर वर्डप्रेस.

काहीही निवडलं तरी श्रीलिपी (मराठी) किंवा नुडी (कन्नड) या जुन्या फॉन्टांतला मजकूर थेट चिकटवू नका, कचरा दिसेल. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारख्या दिसणाऱ्या अक्षरपद्धतीत, बदलून रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. थीममधलं (संकेतस्थळाच्या रूपाच्या साच्यातलं) अक्षरांतर शून्य ठेवा, नाहीतर शिरोरेघ तुटते.